राईचा विश्वस्त : धनेश
(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे ऋण मानावे आणि पुढचे संकल्प सोडावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी माणसांनी याच व्यासपीठावरून केलेले आहे. चिटणीसांनी आम्हांस सांगितले ते एवढेच की, आपल्या बेळगाव-खानापूरच्या रानांविषयी काही बोला. रान हा विषय तासाभरात आटोपणारा नव्हे. म्हणून त्या रानातले एकच पाखरू आज आपल्यापुढे आणले आहे. ते पाखरू म्हणजे धनेश. न्यासाच्या समारंभात पक्ष्याचे काय काम, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल, अशी आम्हांस आशा आहे.

आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूची आहेत, किंवा घाटाखाली दोडामार्ग, सत्तरी, काणकोण या भागांतली आहेत, त्यांनी हा पक्षी पाहिलेला असणार. नाव मात्र वेगळे घेतले असेल. कोकणात पुष्कळ ठिकाणी त्याला सरळ 'गरुड' म्हणतात, कोठे 'माडगरुड' म्हणतात. पुस्तकांत 'शिंगचोचा' हेही नाव आढळते. गरुड हे नाव त्याच्या आकारमानास शोभते, आहारास मात्र शोभत नाही. गरुड शिकारी, हा मुख्यतः फलाहारी. सरडा, किडा, एखादे पाखराचे पिल्लू तो सोडतो असे नव्हे; विणीच्या दिवसांत तर असे खाद्य तो मुद्दाम आणतो. परंतु त्याचे पोट चालते ते झाडांच्या शेंड्यांवरील फळांवर.

भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत. त्यांपैकी चार आपल्या बाजूस दिसतात. साधा राखी धनेश तर गावाशहरांतही येतो. पुणे-वडोदऱ्याकडच्या आपल्या आप्तेष्टांनी वडाच्या झाडावर तो पाहिला असेल. दुसरा मलबारी राखी धनेश. हा पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही नाही, आणि त्याचे कर्कश हसणे एकदा ऐकले की माणूस विसरत नाही. तिसरा कवड्या धनेश, काळापांढरा. काळी नदीच्या काठी दांडेलीस याचे थवेच्या थवे दिसतात. चौथा आणि सर्वांत मोठा तो राजधनेश. चोचीपासून शेपटीपर्यंत साडेतीन-चार फूट लांब, पिवळी प्रचंड चोच आणि तिच्यावर टोपीसारखे बसवलेले दुसरे शिंग. ते शिंग पाहून वाटते की, या पक्ष्याची मान मोडणार. पण ते आतून जवळजवळ पोकळ आणि हलके असते. शिवाय निसर्गाने आणखी एक तजवीज केली आहे : मानेचे पहिले दोन मणके या कुळात एकमेकांस जुळून एक झालेले आहेत. दुसऱ्या कोणत्याही पक्ष्यात असे नाही.

राजधनेश आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. इतर पक्ष्यांच्या पंखाखाली लहान पिसांचे जे अस्तर असते, ते याच्या पंखास नाही. त्यामुळे मोठ्या पिसांमधून वारा घुसतो आणि घाट चढणाऱ्या जुन्या आगगाडीच्या इंजिनासारखा आवाज होतो. कॅसलरॉकच्या बाजूस राहिलेल्यांस ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

या राजधनेशाचा आणि आपल्या भागाचा एक जुना संबंध आहे. तो फारसा कोणास ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हावर जो पक्षी आहे, तो राजधनेशच. मुंबईतील तिच्या इमारतीचे नावही 'हॉर्नबिल हाऊस', म्हणजे धनेशगृह. हा मान ज्या पक्ष्यामुळे मिळाला, तो १८९४ साली, अवघा तीन महिन्यांचा असताना, कारवारहून एका गृहस्थाने सोसायटीस भेट दिला होता. त्याचे नाव ठेवले 'विल्यम'. सोसायटीचे चिटणीस वॉल्टर मिलार्ड हे फिप्सन कंपनीच्या कचेरीत बसत. त्यांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात विल्यमने सव्वीस वर्षे काढली. मंडळी थट्टेने त्याला 'कचेरीतला कॅनरी' म्हणत. एकदा त्याने पेटलेला चिरूट गिळला आणि काही झाले नाही. १९२० साली तो मेला. तारेचा तुकडा गिळल्याने मेला, असे म्हणतात. परंतु मिलार्डसाहेब त्याच वर्षी विलायतेस परत गेले होते, आणि ज्यांनी दोघांनाही पाहिले होते त्यांच्यापैकी नॉर्मन किनिअर यांनी लिहून ठेवले आहे की, आपल्या मते जुन्या मित्राचा वियोग हेच मरणाचे खरे कारण. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची ही कथा गोड वाटली तरी तिच्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हा पक्षी दीर्घायुषी आहे. दीर्घायुषी प्राणी संथपणे वाढतात आणि थोडीच पिल्ले देतात. त्यांचा एकदा नाश होऊ लागला की तूट लवकर भरून येत नाही. हे कसे, ते त्याच्या संसारावरून कळेल.

थंडी उतरू लागली की राजधनेशाची जोडी ढोली पाहत हिंडू लागते. सुतारपक्ष्याप्रमाणे लाकूड कोरण्याची विद्या या पक्ष्यास नाही. जुन्या झाडाची एखादी फांदी मोडावी, त्या जखमेत पाणी मुरावे, बुरशी लागावी, गाभा कुजावा आणि अशा रीतीने कैक वर्षांनी जी पोकळी तयार व्हावी, तीच त्याची जागा. बेहडा, आंबा अशा थोराड झाडांत अशा ढोली सापडतात. एकदा पसंत पडलेली ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते.

मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपू लागते. लिंपण म्हणजे तिची स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा आणि ढोलीतला भुसा. चोचीच्या बाजूने थापून थापून ती ते बसवते आणि वाळले की भिंतीसारखे घट्ट होते. मध्ये एक उभी फट ठेवते. नराच्या चोचीचे टोक आत येईल, एवढीच. त्यानंतर मादी बाहेर पडत नाही. आत ती एक किंवा दोन अंडी घालते, पाच-सहा आठवडे उबवते, आणि याच काळात तिची उडण्याची पिसे गळून पुन्हा नवी येतात. घाण मात्र ती फटीतून बाहेर टाकते. ढोली स्वच्छ ठेवते.

या सर्व काळात तिचा आणि पुढे पिल्लाचा सगळा भार एकट्या नरावर असतो. तो फळे गळ्यात साठवून आणतो, झाडाच्या खोडाशी बिलगून बसतो आणि एकेक फळ घशातून वर काढून फटीतून आत देतो. एका खेपेस अशी डझनावारी फळे निघतात. पिल्लू काही आठवड्यांचे झाले की मादी भिंत फोडून बाहेर येते. आणि मग एक नवल घडते : आत राहिलेले पिल्लू तीच फट पुन्हा आतून लिंपून घेते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. त्यानंतर आईबाप दोघेही त्याला भरवतात, आणि साधारणपणे पावसाच्या तोंडावर ते बाहेर पडते. मलबारी राखी धनेशात रीत थोडी निराळी. तेथे मादी आणि पिल्ले बरोबरच बाहेर येतात. राजधनेशाचा हा सारा व्याप सुमारे चार महिन्यांचा, आणि त्याचे फळ बहुधा एकच पिल्लू.

आता विचार करा. या चार महिन्यांत कोणी त्या नरावर बंदूक चालवली तर काय होते? मादीला भिंत फोडून बाहेर येता येते हे खरे. पण पिसे झडलेली मादी बाहेर येऊन जाणार कोठे? अंडे किंवा पिल्लू तर गेलेच. म्हणजे शिकारी मोजतो एक पक्षी आणि रान मोजते एक घर.

येथवर संसार झाला. आता कामाकडे वळू.

धनेशाची जीभ आखूड असते; ती चोचीच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तो टोकात फळ पकडतो, मान मागे झटकतो आणि फळ उडवून थेट घशात घेतो. चावणे नाही, फोडणे नाही. गर पोटात जिरतो, आणि बी एक तर तोंडावाटे परत टाकली जाते किंवा विष्ठेतून पडते. दोन्ही वेळा अखंड, उगवण्याजोगी. रानजायफळ, धूप यांसारख्या झाडांच्या बिया मोठ्या असतात. बुलबुलाच्या चोचीत त्या मावत नाहीत. त्या गिळून दूर नेतील असे पक्षी रानात मोजके, आणि त्यांत धनेश पहिला. काजऱ्याचे बी आपण विष म्हणून ओळखतो. काजऱ्याचा गर धनेश खातो आणि बी टाकून देतो.

बी दूर नेण्याचे एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. फळ आपल्याच झाडाखाली पडले तर तेथे उंदीर-घुशी आणि किडे टपलेले असतात. त्यांतून वाचलेली रोपे दाटीने उगवतात, एकमेकांचे अन्न खातात आणि आईच्या सावलीत मरतात. दूर पडलेल्या बीचे नशीब बरे. धनेश एका झाडावर फळ खातो आणि उडून दुसऱ्या टेकडीवर जातो. बी त्याच्याबरोबर प्रवास करते. अरुणाचलातील नामदफाच्या रानात अभ्यासकांनी पाहिले की, जेथे शिकार अधिक आणि धनेश थोडे, तेथे अशा मोठ्या बियांची ये-जा घटते आणि रोपेही विरळ होतात. झाडे उभी असतात, रान हिरवे दिसते. पण त्यांचा वारसा थांबलेला असतो. हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात पन्नास वर्षे येत नाही.

धनेशाच्या ताटातला मोठा वाटा वड, पिंपळ, उंबर, नांदरुक या कुळाचा. या झाडांचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. उंबर फोडले की आत चिलटासारखे किडे दिसतात. ते केवळ किडे नव्हेत. त्या झाडाचे परागीकरण करणाऱ्या त्या चिमुकल्या गांधीलमाश्या आहेत. या कुळातील बहुतेक प्रत्येक जातीची स्वतःची अशी माशी आहे, आणि ती फळाबाहेर एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचे दुसरे झाड गाठावे लागते. यासाठी एका जातीची सगळी झाडे एकाच महिन्यात फळून चालत नाही. कोठेतरी एखादे झाड फळावर असावेच लागते. त्यामुळे रानातली इतर फळे संपली तरी वड-उंबर बाराही महिने कोणाला ना कोणाला जेवू घालतात. औदुंबराखाली दत्ताची पादुका ठेवून ज्यांनी त्या झाडावर कुऱ्हाड चालू दिली नाही, त्या आपल्या वाडवडिलांना माशीचे हे शास्त्र ठाऊक नसेल. पण त्यांच्या त्या एका नेमाने किती पाखरांची अन्नछत्रे चालू राहिली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मंडळी, आता न्यासाचा संबंध सांगतो. पुष्कळ लेखक धनेशाला परोपकारी ठरवतात, संत ठरवतात. आम्हांस ते मान्य नाही. धनेश झाडे लावायला निघत नाही. तो जेवायला निघतो. बी टाकतो ती ओझे नको म्हणून. तरीही त्याच्या जेवणातून राई उभी राहते, कारण त्या रानाची मांडणीच अशी आहे की, प्रत्येकाच्या पोटाच्या उद्योगातून दुसऱ्याचे काम होत राहते. आम्हांस वाटते, चांगल्या संस्थेची खूणही हीच. संस्था काही साधुपुरुषांवर चालत नाही. साधुपुरुष पिढीला एखादा मिळतो. आपल्यासारखी सामान्य माणसे आपापला संसार सांभाळून वर्गणी देतात, हिशेब लिहितात, सभेला येतात. आणि मांडणी नीट असेल तर त्यातून कोणा अनोळखी मुलाची फी भरली जाते. विश्वस्त या शब्दाचा अर्थच हा की, जे आपण निर्माण केले नाही ते वापरावे आणि जे आपण पाहणार नाही त्यासाठी पेरावे. धनेश ज्या ढोलीत वाढला ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बीची देणगी. आणि तो आज टाकतो त्या बीला ढोली पडेल तेव्हा त्याचे नातूपणतूही नसतील.

पण ही मांडणी मोडत चालली आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली राजधनेशाची नोंद धोक्याकडे झुकलेल्या पक्ष्यांत केली. कारणे दूरची नाहीत. काही आपल्या दारातली आहेत.

पहिले कारण तेल. सांधेदुखीवर धनेशाचे तेल उत्तम, असा समज आपल्याकडे फार जुना आहे, आणि जाणत्या घरांतही तशी बाटली कोनाड्यात असे. त्या तेलाने सांधा सुटतो याला कसलाही पुरावा नाही. चोळण्याने जो आराम पडतो तो तिळाच्या तेलानेही पडतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धनेश मारणे हा गुन्हा आहे. विकत घेणारा नसेल तर मारणारा कशासाठी मारील?

दुसरे आणि मोठे कारण जुन्या झाडांची तोड. सरकारी रानांस आज पुष्कळसे संरक्षण आहे. दांडेलीच्या भागात २०११ साली खास धनेशासाठी राखीव क्षेत्र झाले. त्याच वर्षी आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य झाले. गोव्यात म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे. तिलारीचे राखीव क्षेत्र २०२० साली झाले. परंतु पक्षी सर्व्हे नंबर पाहून उडत नाही. घाटाखाली पुष्कळशी झाडी खाजगी मालकीची आहे. तेथे काजू, रबर, अननस यांसाठी डोंगरच्या डोंगर साफ होत आहेत. आणि तोड करताना सर्वांत आधी जाते ते ढोलीचे झाड. व्यापारी म्हणतो, गाभा कुजला आहे, लाकडाला भाव नाही, सरपणात घालू. मालकालाही वाटते, निकामी झाड गेले, जागा मोकळी झाली. ज्या दोषामुळे त्याची किंमत शून्य ठरते, त्याच दोषामुळे ते धनेशाचे घर असते.

त्या बदल्यात आपण शंभर रोपे लावू, असे उत्तर मिळते. रोपे अवश्य लावावी. पण आज लावलेल्या रोपात ढोली पडायला कैक पिढ्या जातील. तोवर धनेश वाट पाहू शकत नाही. झाड विकत मिळेल. झाडाचे म्हातारपण विकत मिळत नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. अरुणाचलात निशी लोकांमध्ये धनेशाची चोच शिरोभूषणात लावण्याची परंपरा आहे, आणि त्यापायी पक्षी मारले जात. पाके अभयारण्याशेजारच्या याच लोकांनी २०१२ च्या सुमारास धनेशाची घरटी दत्तक देण्याचा उपक्रम हाती घेतला. शहरातली माणसे पैसा देतात आणि गावकरी त्या त्या घरट्याची राखण करतात. शिरोभूषणात खऱ्या चोचीऐवजी कृत्रिम चोच बसवण्याचीही सोय झाली. परंपरा राहिली आणि पक्षीही राहिला. आपल्या कोकणातही ज्या गावांनी देवराई राखली आहे, तेथे धनेशाला ढोली मिळते; देवरुख-संगमेश्वराकडे हे पाहायला सापडते.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही तीन गोष्टी मागतो. वर्गणी मागत नाही. एक, ज्यांच्या घरी गावाकडे जमीन आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्यात घरच्या थोरांना विचारून आपल्या रानातील जुन्या, ढोलीच्या झाडांची यादी करावी आणि संस्थेच्या दप्तरी द्यावी. दोन, त्या यादीतले झाड विकण्याची वेळ आली, कारण लग्न, आजार, कर्ज कोणाला चुकलेले नाही, तर व्यापाऱ्याला होकार देण्यापूर्वी संस्थेस एक पोस्टकार्ड किंवा एक फोन करावा. कुजक्या गाभ्याच्या झाडाचे मोल फार नसते. तेवढे देऊन झाड उभे ठेवणे आपल्यासारख्या न्यासाच्या आवाक्याबाहेरचे नाही. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देतो, तशी झाडाला द्यावी. तीन, बांधावरचा वड-उंबर तोडू नये, आणि घरात धनेशाचे तेल येऊ देऊ नये. हे तिसरे काम भगिनीवर्गाकडे सोपवतो, कारण घरात कोणती बाटली यावी हे अखेर त्याच ठरवतात.

विश्वस्तांनी या सूचनेचा सभेपुढे विचार करावा, अशी विनंती आहे. आज या सभागृहात जी मुले मागच्या रांगेत चुळबुळ करीत बसली आहेत, त्यांच्या वयाच्या चाळिशीत जांबोटीच्या रस्त्यावर डोक्यावरून तो पंखांचा घोष जावा, आणि त्यांनी आपल्या मुलांना मान वर करून 'तो बघ गरुड' असे सांगावे, एवढीच यातली आमची मिळकत.